सूट नको, नियम बदला

आमच्या शाळेच्या विद्यार्थी पुस्तिकेत केसांबद्दल एकच परिच्छेद होता. मुलांचे केस कॉलरला टेकू नयेत, कान झाकू नयेत. मुलींचे केस बांधलेले असावेत. डोकं पूर्ण भादरलेलं चालणार नाही. रंग नैसर्गिक असावा आणि 'टोकाची' केशरचना करून येऊ नये. शेवटी एक ओळ होती: धार्मिक कारण असल्यास पालकांनी प्राचार्यांकडे लेखी सूट मागावी. हा मजकूर कोणी आणि कधी लिहिला, ते शाळेत कोणालाच सांगता येईना. गेल्या वर्षी तो नव्याने लिहायला समिती नेमली गेली, तिच्यात मी होते. त्या कामाबद्दल लिहिते आहे, कारण असे परिच्छेद पुष्कळ शाळांत असतात आणि ते बदलता येतात हे फार थोड्या पालकांना माहीत असतं.

शाळा आंतरराष्ट्रीय आहे. वर्गात शीख मुलं आहेत, आफ्रिकेतल्या निरनिराळ्या देशांतली आहेत, कॅरिबियन घरांतली आहेत, आपली मराठी, तमीळ, गुजराती आहेत. समितीला निमित्त झाला तो आठवीतला एक मराठी मुलगा. त्याचे वडील गेले. दहाव्याला त्याने केस काढले, मागे शेंडी ठेवली आणि तेरावं उरकल्यावर तो शाळेत आला. दारावरच्या शिक्षकांनी त्याला बाजूला घेतलं आणि भादरलेलं डोकं नियमात बसत नाही म्हणून ऑफिसात पाठवलं. मला कळेपर्यंत पहिले दोन तास संपले होते. मी खाली गेले, त्याच्या शेजारी बाकावर बसले. तो म्हणाला, "मॅडम, आईला फोन करू नका ना. ती घरी एकटीच आहे."

फोन आधीच गेला होता. सूट हवी असेल तर एखाद्या धार्मिक संस्थेचं पत्र आणा, असं त्या बाईंना सांगितलं गेलं होतं. घरातला माणूस गेल्यावर मुलाने केस काढले, याचं पत्र कोणती संस्था देते? शिवाय आपल्याकडेही सगळ्या घरांत एकसारखं होत नाही. कोणी केस काढतं, कोणी नुसते बारीक करतं, कोणी काहीच करत नाही. ते घराघरावर असतं. प्राचार्यांनी त्याच दिवशी मुलाला वर्गात पाठवलं आणि आईची माफी मागितली, हे मला नोंदवलंच पाहिजे. दारावरचे शिक्षकही दुष्ट नव्हते, हातात दिलेला नियम त्यांनी राबवला. पण संध्याकाळी त्या मुलाच्या फाइलला लागलेला कागद मी पाहिला. त्यावर लिहिलं होतं, 'सूट मंजूर'. तेव्हा मला खरा राग आला. बाप गेल्यावर काढलेल्या केसांना मंजुरी देणारी शाळा कोण?

समितीच्या पहिल्या बैठकीत बहुतेकांचं मत असं होतं की नियम ठीक आहे, सूट मागायची पद्धत तेवढी सोपी करू. ऑनलाइन फॉर्म ठेवू, पत्राची अट काढू, दोन दिवसांत उत्तर देऊ. वरवर पाहिलं तर यात चूक काढायला जागा नव्हती. उपप्राचार्य अध्यक्ष होत्या. मी त्यांना एवढंच म्हटलं, "मॅडम, ज्या मुलांकडे आज सूट आहे त्यांना आधी बोलावून विचारू या का?" त्यांनी लगेच होकार दिला, आणि पुढचं सगळं त्या होकारामुळे झालं.

दहावीतला शीख मुलगा पहिला आला. त्याने दप्तरातून प्राचार्यांच्या पत्राची लॅमिनेट केलेली प्रत काढून टेबलावर ठेवली. कोपरे वाकलेले, मधे एक चीर गेलेली. दर वर्षी नवं पत्र घ्यावं लागतं आणि ते रोज जवळ बाळगावं लागतं, असं त्याने सांगितलं. बदली शिक्षक विचारतात, परीक्षेला बाहेरून आलेले पर्यवेक्षक विचारतात, दुसऱ्या शाळेत सामना असला की तिथले पंच विचारतात. केस न कापणं हा त्याच्या धर्माच्या पाच ककारांतला, म्हणजे धर्मखुणांतला, एक ककार, एवढं आमच्यापैकी बहुतेकांना माहीत होतं. पण रोज सकाळी कंगवा फिरवून डोक्यावर जुडा कसा बांधायचा, त्यावर पटका कसा आवळायचा, खेळाच्या तासाआधी तो पुन्हा घट्ट करायला आरसा कुठे शोधायचा, यातलं आम्ही त्याला कधीच विचारलं नव्हतं. जाताना तो म्हणाला, "बाकीच्यांना शाळेत यायला परवानगी लागत नाही. मला का लागते?" त्यावर कोणीच काही बोललं नाही. फॉर्म ऑनलाइन केल्याने त्याचा प्रश्न सुटणार नव्हता, हे मात्र टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला कळलं होतं.

नंतर नववीतली मुलगी तिच्या आईबरोबर आली. घर घानाचं. तिच्या वेण्यांना 'टोकाची केशरचना' ठरवून शुक्रवारी तिला सांगितलं होतं, सोमवारी हे सोडून ये. वेण्या घालायला तिच्या आईला अख्खा दिवस लागला होता, आणि सोडवायला रविवारची रात्र गेली. सोमवारी केस मोकळे, दाट, सगळीकडून फुललेले. तर दुसऱ्या शिक्षिका म्हणाल्या, केस आवरून ये. तिने नेमकं करायचं काय?

त्या आईने आम्हांला वेणी घालून दाखवली. पातळ शेपटीच्या कंगव्याने टाळूवर सरळ भांग पाडायचा, चौकोन आखायचा, तेवढेच केस हातात घेऊन त्यांचे तीन पेड करायचे आणि मुळापासून ताण सांभाळत टोकापर्यंत विणत न्यायचं. ताण जास्त झाला की टाळू दुखते, कमी झाला की वेणी सुटते. एक वेणी झाली की पुढचा चौकोन. असे कुरळे केस रोज विंचरले तर तुटतात, कोरडे पडतात. विणून ठेवले की काही आठवडे सुरक्षित राहतात आणि त्यातही टाळू धुता येते. आम्ही ज्याला नटणं समजत होतो ती त्या केसांची रोजची निगा होती. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एकाच जातीचे केस होते: सरळ, खाली पडणारे, रबर लावला की बसणारे. बाकीच्या सगळ्या डोक्यांची शिस्त त्या मापाने मोजली जात होती.

दुसरीतल्या एका मुलाचे वडील रास्ताफारी, म्हणजे जमैकात सुरू झालेल्या एका धर्मपंथाचे. बायबलातल्या गणना या ग्रंथात नाझीर व्रत घेतलेल्याने डोक्याला वस्तरा लावू नये असं सांगितलं आहे, त्याला धरून त्यांच्या घरी जटा राखतात. त्यांच्याबाबत एका पालक सदस्यांनी उवांची शंका काढली. शाळेच्या नर्सने तिथेच खुलासा केला. ऊ उडत नाही आणि उडीही मारत नाही, ती डोक्याला डोकं लागलं की जाते. स्वच्छ केस आणि अस्वच्छ केस असा भेद ती करत नाही. मोकळ्या केसांपेक्षा बांधलेल्या केसांतून ती पसरायची शक्यता उलट कमी. तो विषय पुन्हा निघाला नाही.

मधल्या सुट्टीच्या आठवड्यांत मी वेगवेगळ्या देशांतल्या न्यायालयांचे निकाल वाचायला घेतले. मी वकील नाही. पण शाळा आणि केस यांवर जगात इतकं भांडण झालेलं आहे की वाचणाऱ्याला वाट सापडते. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या एका खासगी शाळेने शीख मुलाला प्रवेश नाकारला, कारण तो केस कापायला आणि पगडी उतरवायला तयार नव्हता. खालची दोन्ही न्यायालयं शाळेच्या बाजूने गेली. १९८३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, तो निकाल फिरवला आणि वंशभेदाविरुद्धच्या कायद्याचं संरक्षण शिखांना लागू होतं असं ठरवलं. लंडनमध्ये ११ वर्षांचा एक मुलगा डोक्यालगत विणलेल्या वेण्या, म्हणजे कॉर्नरो, घालून नव्या शाळेत पहिल्या दिवशी गेला आणि त्याला दारातून परत पाठवलं. गुंड टोळ्यांच्या खुणा शाळेत येऊ नयेत ही शाळेची काळजी होती, आणि ती खोटीही नव्हती. पण त्याच्या घरात पुरुषांनी अशा वेण्या राखण्याची रीत होती. २०११ साली उच्च न्यायालयाने सांगितलं की घरची परंपरा लक्षात न घेता सरसकट बंदी लादणं हा अप्रत्यक्ष वांशिक भेदभाव आहे.

मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते टेक्सासमधल्या नीडव्हिलच्या खटल्याने. २००८ साली तिथे अपाची या मूळ अमेरिकन समाजातला पाच वर्षांचा मुलगा बालवर्गात जाणार होता. वडिलांसारखे त्याचेही केस लांब. मूळ अमेरिकन समाजांच्या आठवणीत केस कापणं म्हणजे काय आहे, ते लक्षात घ्यायला हवं. १८७९ साली पेनसिल्व्हेनियात कार्लाइलची निवासी शाळा सुरू झाली. तिथे आणि तिच्या धर्तीवर निघालेल्या शाळांत मूळ अमेरिकन मुलं आली की आधी त्यांचे केस कापले जात. नीडव्हिलच्या शाळा मंडळाने या मुलाला सूट दिली, पण अट घालून: केस डोक्यावर अंबाड्यात बांधा, नाहीतर एकच घट्ट वेणी घालून ती शर्टाच्या आत खोचा. पाच वर्षांच्या मुलाने दिवसभर पाठीला ओलसर वेणी चिकटवून बसायचं. तो वेणी बाहेर ठेवून आला तेव्हा त्याला वर्गापासून वेगळं बसवलं. २०१० साली फेडरल अपील न्यायालयाने त्या कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला.

हे वाचल्यावर माझं मत पक्कं झालं. सूट ही देणाऱ्याच्या हातात राहते. तो अटी घालतो, तो दर वर्षी नवी मागायला लावतो, तो कारण खरं आहे का ते तपासतो. मूल वर्षभर मागणाऱ्याच्या जागी उभं राहतं. आणि केसांच्या बाबतीत हे विशेष लागतं, कारण केस हा गणवेशाचा भाग नाहीच. शर्ट-पँट शाळा सुटल्यावर उतरवून ठेवता येते. केस मुलाबरोबर घरी जातात, देवळात, गुरुद्वारात, चर्चमध्ये जातात, लग्नात जातात, स्मशानात जातात. शाळा केस कापायला लावते तेव्हा ती मुलाच्या चोवीस तासांवर हात ठेवते.

पुढच्या बैठकीत मी हे मांडलं. गणिताचे एक ज्येष्ठ शिक्षक, ज्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, त्यांनी सरळ विचारलं, "मॅडम, उद्या कोणीही काहीही करून येईल आणि ही माझी संस्कृती आहे म्हणेल. खरं-खोटं कोण ठरवणार?" प्रश्न रास्त होता. माझं उत्तर असं की आपण ठरवायचंच नाही. नियम सगळ्यांना सारखा आणि मोकळा ठेवला, तर कोणाच्या श्रद्धेची परीक्षा घ्यायची वेळच येत नाही. सूट ठेवली की परीक्षा आली, आणि मग केस काढलेल्या मुलाच्या आईला पत्र मागणं आलं.

दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाचा २००७ सालचा एक निकाल मी तेव्हा वाचून दाखवला. तो केसांचा नाही, चमकीचा आहे. डर्बनच्या एका शाळेतल्या तमीळ हिंदू घरच्या मुलीने नाकात चमकी घातली होती आणि शाळेचं म्हणणं होतं की ती धर्माने सक्तीची नाही. सरन्यायाधीश पायस लांगा यांनी लिहिलं की प्रथा सक्तीची नसली, स्वेच्छेने पाळलेली असली, तरी तिला संरक्षण मिळायला हवं. इतरही मुलं धीर करून आपली ओळख घेऊन शाळेत येऊ लागली तर त्यात भिण्यासारखं काही नाही, तो वैविध्याचा सोहळा आहे, असाही त्याचा आशय आहे. गणिताच्या सरांनी ती पानं मागून घेतली आणि घरी नेऊन वाचली. पुढच्या वेळी ते म्हणाले, "पटतं आहे. पण मसुदा नीट झाला पाहिजे, पळवाट राहता कामा नये."

त्यांचं हे म्हणणं किती खरं आहे, त्याचंही उदाहरण टेक्सासमध्येच होतं. वेण्या, पीळ, जटा अशा वांशिक ओळखीशी जोडलेल्या केशरचनांना संरक्षण देणारा क्राउन कायदा अमेरिकेत आधी कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये केला. टेक्सासमध्ये तो १ सप्टेंबर २०२३ पासून लागू झाला. नेमक्या त्याच सुमारास ह्यूस्टनजवळच्या बार्बर्स हिल इथल्या एका काळ्या विद्यार्थ्याला जटांमुळे वर्गाबाहेर काढलं गेलं. जटा त्याने डोक्यावर बांधलेल्या होत्या. शाळेचं म्हणणं, त्या सोडल्या तर भुवयांच्या आणि कानांच्या पाळीच्या खाली येतील. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधीशांनी शाळेची बाजू घेतली, कारण कायद्यात केशरचनांची नावं होती, लांबीचा उल्लेख नव्हता. जटांना परवानगी, पण लांबीला नाही! जटा म्हणजे वाढू दिलेले केस, त्यांची लांबी वेगळी कशी काढणार? त्या निकालावरून आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. केशरचनांची यादी करायची नाही, कारण यादीत जे नाही ते आपोआप बंद ठरतं. आणि लांबीचं कलम पूर्ण काढायचं, मुलांचंसुद्धा.

मुलांच्या लांब केसांवर मात्र खडाजंगी झाली. मुलींच्या वेण्या मान्य, शिखांचा जुडा मान्य, पण कोणत्याही मुलाने केस वाढवले तर चालतील, हे काही पालकांच्या पचनी पडेना. मुलींना चालतं तर मुलांना का नाही, याला 'शिस्त' या शब्दापलीकडे उत्तर मिळालं नाही. मतदान झालं आणि लांबीचं कलम थोडक्या मतांनी गेलं. रंगाचं कलम राहिलं. माझ्या मते तेही जायला हवं होतं. जपानमध्ये ओसाकाच्या एका सरकारी शाळेने जन्मतः तपकिरी केस असलेल्या मुलीला ते काळे करायला लावल्याचा आरोप होता, ते प्रकरण न्यायालयात गेलं, आणि २०२१ साली तिला थोडी भरपाई मिळाली, पण ती वर्गातलं तिचं बाक आणि यादीतलं नाव काढून टाकल्याबद्दल; केसांचा नियम न्यायालयाने चुकीचा ठरवला नाही. 'नैसर्गिक' कोणता हे शिक्षक बघून ठरवू लागला की असंच होतं. निदान आमच्या मसुद्यात 'कोणालाही केसांचा रंग बदलायला सांगू नये' एवढी ओळ मी घालून घेतली.

प्रत्येक कलमाला आम्ही 'कशासाठी?' हा एकच प्रश्न लावला. प्रयोगशाळेत बर्नर पेटलेला असतो, म्हणून लांब केस मागे बांधलेले हवेत. कार्यशाळेत फिरणारी यंत्रं असतात, तिथेही तेच. हे मुलगे-मुली सगळ्यांना, सगळ्या प्रकारच्या केसांना. चेहरा ओळखता यावा. केसांत कोणाचा अपमान करणारी अक्षरं किंवा चिन्हं कोरलेली नसावीत. पोहायला टोपी हवी, पण इथे खेळाच्या शिक्षिकेनेच अडचण सांगितली: नेहमीची टोपी दाट वेण्यांवर चढत नाही, म्हणून काही मुली तलावाकडे फिरकतच नाहीत. अशा केसांसाठी सोल कॅप नावाची मोठी टोपी मिळते. २०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकसाठी जागतिक जलतरण संघटनेने ती नाकारली होती, २०२२ मध्ये मान्यता दिली. शाळेने मोठ्या टोप्या मागवल्या आणि त्या बाकीच्या टोप्यांच्याच कपाटात ठेवल्या, कोणाला वेगळ्या मागाव्या लागू नयेत म्हणून.

ज्याला कारण सापडलं नाही ते कलम गेलं. भादरलेल्या डोक्यावरची बंदी अशीच गेली, तिच्या बाजूने एकही कारण कोणाला सांगता आलं नाही.

नियमाच्या शब्दांइतकंच तो राबवायचा कसा, यावर मी अडून बसले. केसांबद्दल काही बोलायचं असेल तर ते दारात, रांगेत, वर्गासमोर बोलायचं नाही. वर्गशिक्षकांनी एकांतात बोलायचं, आणि त्यासाठी मुलाचा तास बुडवायचा नाही. कोणत्याही कारणाने मुलाच्या केसांना हात लावायचा नाही. हे शेवटचं लिहायची गरज आहे का, असं एकांनी विचारलं. नववीतल्या त्या मुलीने सांगितलं होतं की तिच्या वेण्या 'किती छान' म्हणून हातात घेऊन बघणारे शिक्षक दर आठवड्याला भेटतात. हेतू चांगला असतो, पण डोकं तिचं असतं. शीख मुलाच्या पटक्याला तर कोणी गमतीतही हात लावायचा नसतो. ओळ राहिली.

नवा मजकूर जुन्यापेक्षा लहान झाला. सत्र सुरू होण्याआधी सगळ्या शिक्षकांची, दारावरच्या मदतनिसांची आणि बसमधल्या ताईंचीसुद्धा बैठक घेतली, कारण मुलाला पहिलं टोकणारं माणूस बहुतेक वेळा तेच असतं. बैठकीला नववीतल्या मुलीची आई आणि शीख मुलाचे आजोबा आले होते. आजोबांनी पगडी कशी बांधतात ते दाखवलं. मदतनीस मावशींनी इतके प्रश्न विचारले की वेळ पुरला नाही.

त्यानंतर काय झालं, तर फार काही झालं नाही. कोणी टोळीने विचित्र केस करून आलं नाही. दोन-तीन मुलांनी केस वाढवले. त्यांतल्या एकाने कंटाळून स्वतःच कापले. शीख मुलाने लॅमिनेट केलेलं पत्र उपप्राचार्यांना परत दिलं. बाहेरच्या स्पर्धांत मात्र अजून त्रास होतो, कारण तिथले नियम आमच्या हातात नाहीत. आयोजकांना आधीच लेखी कळवायचं काम आता शाळा करते, मुलाने पुढे व्हायचं नाही असं ठरलं आहे.

दाढीचं कलम अजून जुनंच आहे. अकरावी-बारावीच्या मुलांनी दाढी करून यावं, धार्मिक कारण असल्यास सूट मागावी. त्या शीख मुलाला पुढच्या वर्षी हेच कलम लागेल, आणि दोन मुस्लिम मुलांना आत्ताच लागतं आहे. त्याची फाइल मी मागून घेतली आहे. बैठक परीक्षांनंतर आहे, आणि या वेळी त्या मुलांपैकी दोघांना समितीचे सदस्य म्हणून घ्यायला उपप्राचार्यांनी मान्यता दिली आहे.